ह्यो तो वास न्हाई

चार बायका जमल्या की किस्से कसे साठतात, ते आमच्या सावेडीच्या बिल्डिंगमध्ये येऊन बघा. माझ्या सिंकखाली रिकाम्या स्प्रे-बाटल्यांचा ढीग आहे, पण किस्से त्याहून जास्त!

सुरुवात शुभांगीची. बाजारातल्या रूम फ्रेशनरने तिला शिंका यायच्या. म्हणून तिने मोबाईलवर बघून कापूर, लवंगा, इसेन्शियल ऑइलच्या इवल्याशा बाटल्या असा संसार मांडला आणि मला, रजनीला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मंगलमावशींना गोळा केलं. मावशी राजूरच्या. यजमान गेले तसा मुलगा त्यांना इथे घेऊन आला. फ्लॅट चकचकीत, पण मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात मानूस हाय, असा वास व्हईल का गं यातून?"

"होणार म्हणजे होणारच!" शुभांगीने ठोकून दिलं.

*

पहिला प्रयोग निलगिरीचा. फरशीच्या पाण्यात दोन थेंब टाकायचे, तर शुभांगीने अर्धी बाटली ओतली. नेमके त्याच दिवशी तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले. सोफ्यावर टेकता टेकता मुलाच्या आईने काळजीने विचारलं, "सर्दी नक्की कुणाला झालीये?"

मावशींनी बाटली हुंगली. "ह्यो न्हाई."

*

रजनीने गॅलरीत गवती चहा जिवापाड जपला. पारनेरहून सासूबाई आल्या आणि बघता बघता कुंडी बोडकी!

"आई, तो घराला वास यावा म्हणून लावला होता हो!"

"मंग? चहात घातला का घरभर वास जातोय. वर चहाबी हुतो!"

मावशी दोन कप प्याल्या. "चहा लई ग्वाड. पन ह्योबी न्हाई."

*

मी कूलरमध्ये ठेवायला वाळ्याची जुडी आणली. आमच्या ह्यांनी तिने स्कूटर घासली! वर म्हणतात, "घासणी झकास आहे, अजून एक आण." स्कूटर अशी दरवळायची की सिग्नलला लोक वळून बघायचे.

मावशींना मी त्याच स्कूटरवर बाजारात नेलं. वासाचं विचारल्यावर त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. हसल्याही नाहीत. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मावशी, राजूरच्या घरात असं होतं तरी काय?"

तेव्हा कुठे त्या खुलल्या. "आमच्या ह्यांना चुलीवरचं दूध बघायला सांगायची मी. ते दुधासमोर बसायचे आन् पेपरात डोकं घालायचे. रोज लागायचं दूध! मी वरडले का म्हनायचे, अगं, आत्ता तर बघत हुतो!"

मी पोट धरून हसले. मावशी पदराने डोळे पुसत हसत होत्या.

*

परवा माझ्याकडे लिंबाची सालं आणि दालचिनी उकळत होतो. शेजारच्या शेगडीवर दूध ठेवलं होतं. चौघींच्या गप्पांत ते साफ विसरलो, आणि दूध तळाला लागलं. घरभर करपट वास! शुभांगी बाटली घेऊन फवारायला धावली, रजनीने पंखा लावला, मी खिडकीची कडी काढायला गेले.

मावशींनी माझा हात घट्ट धरला.

"उगडू नको गं. बसू दे जरा त्यांना."