मस्टरवर हजर, मोहाखाली गैरहजर

आमच्या जिल्ह्यातल्या परिचारिकांच्या संघटनेनं मला समितीवर घेतलं ते माझ्या अनुभवामुळे, असं मी घरी सांगितलं. खरं कारण असं की सगळ्यांत माझ्या फोनचा स्क्रीन मोठा आहे आणि निवृत्त झाल्यापासून दुपारी मी रिकामी असते. समितीचं काम होतं शिकण्याची सिस्टम निवडायचं. पूर्ण नाव लर्निंग मॅनेजमेंट सिस्टम. आमच्या अध्यक्षबाई ते एका दमात म्हणायच्या आणि मग पाणी प्यायच्या.

भानगड साधी होती. नर्सला आपली नोंदणी चालू ठेवायची तर ठरावीक वर्षांनी शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. आजवर हे तास यवतमाळच्या हॉलमध्ये बसून मिळायचे. भाषण, आलूपोहे, सही, प्रमाणपत्र. आता धडे फोनवर द्यायचे ठरलं होतं. समितीत आम्ही तिघी. मी, अध्यक्षबाई, आणि तिसरी एक, जी दर बैठकीला 'तुम्ही ठरवाल ते मला मान्य' असा निरोप पाठवून उपस्थितांत नाव लावून घ्यायची.

अध्यक्षबाई माझी नर्सिंग शाळेपासूनची मैत्रीण. चारचौघांत ती मला मॅडम म्हणते, दोघीच असलो की पोट्टी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला पोट्टी म्हणणारं एक तरी माणूस शिल्लक असावं.

घाई होती ती एका मुलीपायी. झरी जामणी तालुक्यात जंगलाला लागून एक उपकेंद्र आहे, तिथं ती कंत्राटी नर्स. एकटीच. यवतमाळच्या शिबिराला यायचं तर उपकेंद्राला कुलूप लावावं लागे, आणि ती काही कुलूप लावत नसे. त्यामुळे तिचे तास कमी पडले होते. महिनाअखेरीला नोंदणी संपत होती, आणि नोंदणी नाही तर कंत्राट पुढे वाढत नाही. म्हणजे नोकरी गेली. सिस्टमची चाचणी तिच्यापासूनच करू आणि त्यातले तासही धरू, असं अध्यक्षबाईंनी कबूल केलं.

बऱ्याच पाहून शेवटी दोन सिस्टम उरल्या.

पहिली साधी होती. रेंज असेल तेव्हा धडा फोनमध्ये उतरवून ठेवायचा, सवडीनं पाहायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पुन्हा रेंज मिळाली की उत्तरं आपोआप पोचतात. मी तिची परीक्षा घेतली. फोन डब्याला टेकवून धडा लावला आणि तुरीची डाळ निवडत बसले. धडा संपला तेव्हा एक शब्द कानात राहिला नव्हता. प्रश्नांना तीन-तीन पर्याय होते. सगळ्यांत लांबलचक असेल तो दाबत गेले. प्रमाणपत्र आलं, वर फुलांची नक्षी.

अध्यक्षबाईंना फोन केला. "माह्या डाळीनं परीक्षा पास केली."

दुसरी सिस्टम दाखवायला कंपनीचा माणूस नागपूरहून आला होता. हिच्यात धडा चालू असेपर्यंत चेहरा कॅमेऱ्यासमोर पाहिजे. मान वळली की घंटी. चेहरा दोन मिनिटं दिसला नाही की 'गैरहजर', आणि धडा पुन्हा पहिल्यापासून. "मॅडम, चीटिंगचा चान्सच नाही," तो म्हणाला. मग कौतुकानं मराठी भाषा लावून फोन अध्यक्षबाईंच्या हातात दिला. तिथं लिहिलं होतं, 'शिकाऊ, आपले स्वागत आहे.'

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दादा, मी बाळंतपणं करून राह्यली होती, तवा तू जन्मालेबी आला नव्हता. मी शिकाऊ?"

"बदलून देतो ना मॅडम."

"काय करशील?"

तो थोडा विचारात पडला. "वरिष्ठ शिकाऊ."

ते सोडलं तर मला ही कॅमेऱ्याची सिस्टम फार आवडली. तो गेल्यावर मी तिचीच बाजू लावून धरली. लोक कसे फसवतात, कागदावर शिकतात आणि हातानं चुकतात, यावर चांगला अर्धा तास बोलले. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं.

"एवढा जोर काहून लावून राह्यली तू?"

"नर्सा कशा असतात, मले मालूम हाय."

"नर्सा नाई. तू कशी होती, ते तुले मालूम हाय."

मी चहाचे कप उचलले. पण चाचणी कॅमेऱ्याच्या सिस्टमवर घ्यायची, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलंच.

आठवडाभरानं माझ्या फोनवर अहवाल आला. झरीच्या त्या मुलीच्या नावापुढे तीन लाल खुणा होत्या. सोमवारी गैरहजर, बुधवारी गैरहजर, शुक्रवारी गैरहजर. मिळालेले तास, शून्य. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चोराला म्हातारपणी शिपायाची टोपी मिळाली की त्याच्याइतका कडक शिपाई नाही. फोन लावला, लागेना. मग सकाळची एसटी धरली, पांढरकवड्याला गाडी बदलली, आणि वाटभर तिला काय काय सुनवायचं ते घोकत गेले.

उपकेंद्राच्या मागे मोहाचं झाड होतं. त्याखाली प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीसमोर बुंध्याला बँडेजच्या पट्टीनं फोन बांधायची जागा केलेली. पट्टी इतकी नीट गुंडाळली होती की झाडाचाच हात मोडला असावा असं वाटलं.

"हे काय गं?"

"माही शाळा, मॅडम," ती म्हणाली. "धड रेंज इथंच येते. खोलीत एक दांडी, इथं दोन. बसा ना तुम्ही, खुर्ची साफ हाय."

मी बसले नाही. रागावायला आलेल्यानं बसू नये. "सोमवारी गैरहजर काहून होती?"

"ऊन तोंडावर आलं. चेहरा दिसत नाही म्हणे. मी खुर्ची फिरवली, तर झाड दिसे अन् मी नाई."

"बुधवारी?"

"रेंज गेली."

"अन् शुक्रवारी?"

"शुक्रवारी पेशंट आली." ती आत गेली आणि प्रसूतीचं रजिस्टर घेऊन आली. मी मागितलंही नव्हतं. कंत्राटी माणसाला आधी कागद दाखवायची सवय असते.

मी शुक्रवारची नोंद काढली. वेळ दहा चाळीस. मुलगी. 'बाळ लगेच रडले नाही. तोंड, नाक साफ केले. पाठ चोळली. मास्क लावून पिशवीने श्वास दिला. रडले.' अक्षर सरळ होतं, फक्त 'रडले' या शब्दाशी पेन जरा दाबलं गेलं होतं.

मग मी माझ्या फोनवरचा अहवाल उघडला. शुक्रवार, दहा चाळीस. धडा: जन्मल्यावर न रडणारं बाळ. शिकाऊ: गैरहजर.

दोन्ही मी दोनदा वाचलं. मग खुर्चीवर बसले.

"मॅडम, तो धडा मी तीनदा पहिल्यापासून लावला," ती हळूच म्हणाली. "मधात कोणी ना कोणी येतेच. आता कंत्राट जाते का माहं?"

मी तिला चहा दे म्हटलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले, आणि जी गोष्ट मी मुलांना सांगितली नाही, नातवंडांना तर मुळीच नाही, ती आठवत बसावी लागली. बावीस वर्षांची होते. दोन वेण्या घालायची आणि जिल्ह्यात आपल्याइतकं हुशार कोणी नाही असं समजायची. याच विषयाचं, न रडणाऱ्या बाळाचं, तीन दिवसांचं प्रशिक्षण यवतमाळला होतं. शेवटच्या दिवशी रबराच्या बाहुलीवर श्वास देऊन दाखवायचा होता. पण माझं लग्न ठरलं होतं आणि नवरदेव कळंबला नोकरीला. मी मैत्रिणीला म्हटलं, माही सही मार, आणि तिथल्या चिंतामणी गणपतीच्या दर्शनाच्या नावाखाली बस धरली. नायलॉनची साडी, गॉगल, घामाच्या धारा. पायऱ्या उतरून देवाला नमस्कार केला, बाहेर आलो, आणि त्या माणसानं दोन प्लेट भजी खात मला सायकलचा डायनामो कसा चालतो ते समजावलं. दोन तास. एवढ्यासाठी मी तो धडा बुडवला. मस्टरवर मात्र मी हजर होते, आणि बाहुलीपुढच्या रकान्यात शेरा होता 'उत्तम'.

सहा महिन्यांनी पहिल्या नेमणुकीच्या गावी एक बाळ निळं पडून आलं. प्रमाणपत्र माझ्या पेटीत होतं, त्यातलं अक्षर डोक्यात नव्हतं. मी नुसती उभी. गावच्या म्हाताऱ्या सुईणीनं ते माझ्या हातातून घेतलं, बोटाला कापड गुंडाळून तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. ते रडलं. मग मीही.

"बाई," ती म्हणाली, "पोरगं रडलं, बरं झालं. आता तू कायले रडून राह्यली?"

पुढे हात शिकला. तिच्याकडून, दुसऱ्यांकडून, चुकत माकत. तो धडा मात्र कधी बसून घेतला नाही.

पुढच्या बैठकीत हे सगळं मी सांगितलं. कंपनीच्या माणसासमोर सांगितलं, कारण त्याला स्वतःची गाडी होती, एसटी गाठायची घाई नव्हती, आणि तो उठेचना. "ज्या दिवशी मी भजी खात होती, त्या दिवशी हजर," मी म्हटलं. "ही पोरगी ज्या मिनिटाला बाळाले श्वास देऊन राह्यली होती, त्या मिनिटाला गैरहजर. अशी सिस्टम मले नाई पायजे. तिची शिफारस मी केली होती, चूक माही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "तो 'उत्तम' तुहा नव्हता पोट्टी. त्या दिवशी बाहुलीले मी दोनदा श्वास दिला. एकदा माह्या नावानं, एकदा तुह्या. सर चष्मा घरी विसरले होते."

चारचौघांत पोट्टी म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

"पण मॅडम," कंपनीचा माणूस म्हणाला, "साध्या सिस्टममध्ये कोणीही धडा लावून झोपेल."

"झोपू दे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाहुलीसमोर जागं व्हावंच लागते."

तसं ठरलं. धडे साध्या सिस्टमवर, ज्याला जमेल तसे, तुकड्या तुकड्यानं. आणि शेवटचा तास फोनवर नाही. बाहुली घेऊन समितीतल्या कोणीतरी त्या त्या गावी जायचं आणि हातानं करून घ्यायचं. कोणीतरी म्हणजे कोण, हे विचारण्याआधीच अध्यक्षबाईंनी कपाटातली शिबिराची बाहुली काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिसऱ्या बाईंचा निरोप आलेलाच होता.

झरीच्या मुलीनं चार दिवसांत धडे संपवले. पेशंट आली की थांबवायची, गेली की पुढे. पाचव्या दिवशी मी पुन्हा एसटीत बसले. बाहुली पिशवीत मावेना, म्हणून टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. शेजारच्या बाईनं बराच वेळ पाहिलं.

"नातू काय वो माय?"

"नाई, सरकारी हाय."

"मोठं गुणाचं लेकरू. रडतच नाई."

"त्याच्याच इलाजाले चालली," मी म्हटलं, आणि ती पुढच्या थांब्यापर्यंत हात जोडून बसली.

उपकेंद्रात टेबल पुसून त्या मुलीनं बाहुली ठेवली. तोंड, नाक, पाठ, मान, पिशवी. तिचा हात एकदाही थांबला नाही. रबराची छाती वर आली, खाली गेली. मी कागदावर सही केली. त्या सहीनं तिचे तास पूर्ण झाले, आणि महिना संपायला दोन दिवस होते. पुढे नोंदणीही झाली, कंत्राटही वाढलं. ती अजून तिथंच आहे, मोहाच्या बुंध्यावर पट्टीही तशीच आहे म्हणे.

सही करून मी बाहुली टॉवेलात गुंडाळायला घेतली, तर तिनं टॉवेल धरला.

"मॅडम, अध्यक्ष मॅडमचा फोन आला होता. तुमचं एक राह्यलं हाय म्हणे."

मैत्रीण असावी तर अशी. मी बाह्या वर केल्या. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा, त्यात माझे गुडघे आणि जाड चष्मा. पिशवी दाबली. छाती काही उचलेना.

"मान जास्त मागं गेली, आजी," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "मॅडम. थोडी समोर घ्या."

घेतली. छाती वर आली.

तिनं माझ्या हाताखालचा कागद ओढला, स्वतःच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि पेन रकान्यावर धरून विचारलं, "हजर लिहू ना?"

"थांब," मी म्हटलं. "अजून एकदा करू दे."