नाव घातलेली वाटी

आमच्या कळमनुरीच्या गल्लीत सटवाजीमामांइतका शांत माणूस दुसरा नव्हता. एसटीत ड्रायव्हर, नांदेड रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा ओळखीचा. घरात मात्र सगळा कारभार पंचफुलामामींच्या हातात. मामांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. दिवसभर गाडी हाकून आलेल्या माणसाला घरी कुणी हाकलं तर बरंच की, असं ते म्हणायचे.

मामींचं दही सगळ्या गल्लीला माहीत होतं. गाडगं उपडं केलं तरी हलायचं नाही. त्याचं विरजण मामींनी लग्न झाल्यावर माहेराहून, औंढ्याजवळच्या खेड्यातून आणलेलं. पुढं आई वारली, भाऊ पुण्याकडं गेला, घराला कुलूप लागलं. माहेरचं म्हणून मामींकडं उरलं ते एवढंच, रोजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढून जपलेलं.

हिंगोली जिल्हा झाला त्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचं, सपनाचं, दुसरं बाळंतपण नांदेडला सासरीच करायचं ठरलं. मामी तिकडं निघाल्या. जाताना मामांना म्हणाल्या, "जेवा न्हाईतर उपाशी राहा, पर माझ्या आईचं विरजण मोडू देऊ नका." मग धडा दिला. दूध चांगलं आटवायचं, बोट सोसेल इतकं निवू द्यायचं, गाडग्याला आतून विरजण फिरवायचं, वरून दूध ओतून गाडगं ज्वारीच्या कोठीत ठेवायचं आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

मामांनी सुरुवातीला झकास निभावलं. मिशीला पीळ देत गल्लीला दही खिलवलं. मग एका संध्याकाळी वारंगा फाट्यावर गाडी बंद पडली आणि घरी यायला उशीर झाला. पोटात कावळे ओरडत होते. मामांनी गाडग्यातलं दही ठेचा-भाकरीबरोबर भरपेट खाल्लं, चमचाभर राहिलं ते वाफाळत्या दुधात टाकलं आणि झोपले. बोटाची आठवण झालीच नाही. सकाळी गाडग्यात पाणी वेगळं आणि चोथा वेगळा.

बाजारातल्या हॉटेलातून दही आणून पुन्हा लावलं, तर त्याला तार सुटली. आयुष्यात कुठं गाडी न घासलेल्या माणसानं कपाळाला हात लावला. मामींना तोंड कसं दाखवायचं? विरजण दुसरं मिळालं असतं, सासूबाई कुठून आणणार?

तेव्हा त्यांना शेजारच्या मनकर्णाबाई आठवल्या. त्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा मामींनीच त्यांना विरजण दिलं होतं. दोघींचं गूळपीठ होतं, ते सपनाच्या लग्नापर्यंत. त्या लग्नात मनकर्णाबाईंनी आहेर केलेली साडी मामींनी तिथंच ओळखली. ती मामींनीच मनकर्णाबाईंच्या मुलाच्या लग्नात दिली होती. पदरावरच्या शाईच्या ठिपक्यासकट तीच. "माझंच मला परत दिलं!" म्हणून मामींनी साडी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि बोलणं बंद केलं. मनकर्णाबाईंकडं आहेरांची सरमिसळ झाली असणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण मामींना समजावणार कोण? मामा? काहीतरीच.

मामा चोरासारखे मागच्या दारानं गेले.

"काहून आलाव?" मनकर्णाबाईंनी चुलीपुढून विचारलं. "तुमच्या घरात तर आमचं वारं बी चालत न्हाई."

मामांनी सगळं सांगून टाकलं. मनकर्णाबाई आधी पोट धरून हसल्या, मग उठून आपलं दह्याचं गाडगं पुढं ओढलं.

"तिच्या आईचं हाय ते, मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "बोलनं बंद झालं तवा फेकावं वाटलं. पर हात धजला न्हाई. रोज त्याचंच लावून राहिले." त्यांनी स्टीलच्या वाटीत दही काढून दिलं. "तिला सांगू नका. न्हाईतर ह्ये बी फेकंल."

मामी परत आल्या त्या थेट दह्याकडंच गेल्या. एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. "बराबर आईचं," म्हणाल्या. मग नवऱ्याकडं इतक्या कौतुकानं पाहिलं, की मामांना आपला घास गिळवेना.

दुपारी भांडी लावताना ती वाटी मामींच्या हाती आली. लग्नकार्यात अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्याकडं भांड्यांवर नाव घालून घेतात. वाटीच्या काठाला ठसठशीत कोरलेलं, 'मनकर्णा'. दही जपता जपता मामा वाटी लपवायचं विसरले होते.

"ही इथं काहून?"

मामांना खोटं कधी जमलंच नाही. विरजण कसं गेलं आणि कुठून परत आलं, सगळं सांगितलं. मनकर्णाबाई काय म्हणाल्या तेही. मामींनी वाटीवरच्या नावावरून बोट फिरवलं. मग पदर डोळ्याला लावला आणि रडता रडता हसायलाच लागल्या. "या बाईची खोडच हाय," म्हणाल्या. "माझंच मला परत देती."

शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं. त्या संध्याकाळी मामींनी त्याच वाटीत दही लावलं. सकाळी ट्रंकेच्या तळातली साडी काढली, नेसली, वाटी पदराखाली धरली आणि मागच्या नव्हे, पुढच्या दारानं शेजारी गेल्या. आम्ही सगळे दात घासायच्या निमित्तानं आपापल्या ओट्यावर उभे.

मनकर्णाबाईंनी वाटीकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं.

"शोभून राहिली की," त्या कशाबशा म्हणाल्या.

"शोभंल न्हाई तर काय," मामी म्हणाल्या, "पसंत माझीच हाय."

दोघी आत गेल्या त्या दुपारपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मामा त्या दिवशी डब्याविनाच ड्यूटीवर गेले आणि वारंग्याला खिचडी खाऊन नांदेडपर्यंत गुणगुणत राहिले, असं त्यांचा कंडक्टर सांगत होता.