समोरच्या दाराचा मसाला

तरुणपणी मी भलतीच शहाणी होते. उन्हाळ्यात मालवणी मसाला कुटून आणायचा, तर निम्मं सामान मुलुंडच्या डंखावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, न्यायचे आणि उरलेलं भांडुपच्या. पूर्ण मसाला कुठल्याच कुटणाऱ्याला कळता कामा नये. मग घरी दार लावून दोन्ही पिशव्या मिसळायच्या. जसं काही सोनंच कुटून आणलंय.

हल्ली टीव्हीवर आयात शुल्काचा वाद पेटला की जावई मला हातवारे करून समजावतात. आमच्या मजल्यावर ते धोरण मी कित्येक वर्षं चालवलंय, हे त्यांना कुठे माहीत? शेजारणीची वाटी आत घेताना नाक मुरडायचं, आपला मसाला चिमूटभरही बाहेर सोडायचा नाही. त्याने शेजारणीचं काही अडलं नाही. आमच्या घरचं कालवण तेवढं वर्षानुवर्षं तेच राहिलं.

तर ही समोरच्या दारातली शेजारीण रील करायला लागली. तिच्या सुरमईच्या कालवणाखाली बायका ‘झकास, ताई’ लिहीत सुटल्या. त्याहून चांगला मसाला इथे बरणीत पडलाय, आणि कोणाला पत्ता नाही! रोज दुपारी मी तिचे व्हिडिओ बघायचे, पण लाल बदाम, म्हणजे लाइक, द्यायचा नाही, असा नेम. एकदा चष्म्याविना वर-खाली करताना अंगठा पडला तो नेमका तिच्या अगदी जुन्या व्हिडिओच्या बदामावर. ती लगेच दारात हजर.

“काकी, एवढं मागे जाऊन बघितलंत?”

मी नातीवर ढकललं.

ही नात सॉफ्टवेअर लिहिते आणि फुकट वाटते. कोणीही घ्या, हवं तर बदला, फक्त मूळ कोणाचं ते सांगा. मला तो शुद्ध खुळेपणा वाटायचा. पण ती म्हणाली, “आजी, लपवलास तर तुझा मसाला तुझ्याबरोबरच जाईल. उघडा टाक, नाव राहील.”

नाव राहील म्हटल्यावर मीही व्हिडिओ करून सगळं सांगून टाकलं, अगदी दगडफुलासकट. बदाम आले मोजके, तेही घरातलेच.

मग शेजारणीने तोच मसाला केला. ‘मूळ समोरच्या काकींचा’ असं ठळक लिहून धणे कमी केले, बडीशेप वाढवली. तिच्याकडे बदामच बदाम. वर एक वाटी मला पाठवली. सवयीने नाक मुरडून बोट लावलं. चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला. त्या दिवशी दुपारची झोप लागली नाही.

यंदा मी गुपचूप तिच्यासारखाच केला, सगळं सामान एकाच डंखावर नेऊन. नात पहिल्याच घासाला थांबली.

“आजी, बदल कोणाचा तेही सांगायचं असतं हं.”

“लिहिलंय की बरणीवर.”

तिने बरणी सगळीकडून फिरवून बघितली. मी बुडाला लिहिलंय. काठोकाठ भरलेली बरणी कोण उलटी करतंय?