पयला नंबर तुमचाच

माझी नातवंडं म्हणतात, आजीला रांगेत उभं करू नका, ती भांडण काढते. खरं आहे ते. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत, कुठंही कुणी "बसा आजी, तुमचंच काम करतोय" म्हणालं की माझ्या कानशिलातली शीर उडायला लागते. "माझ्या पुढं कोण हाय ते दाखव," एवढंच मी विचारते. लोक तिरसट म्हणतात. म्हणू देत. अठराव्या वर्षी मी इतकी गोड होते की मुंग्या लागायच्या. त्या गोडीनं माझं काय भलं झालं, ते आता सांगते.

दुष्काळाचं वर्ष होतं. केजपासून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. विहिरींनी तळ दाखवला होता, जनावरं चारा-छावणीत बांधलेली होती, आणि पाणी टँकरनं येत होतं. सकाळी आई आणि मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचो. त्यात मी बारावी सायन्स पास झाले. गावात तोवर एकाही पोरीनं हा उद्योग केलेला नव्हता, त्यामुळं माझे मार्क किती होते यापेक्षा मी पास झाले याचंच गावाला अप्रूप. मला फार्मसी करायची होती. का, तर आमच्या गावात औषध म्हणजे तालुक्याला जाऊन आणलेली पुडी, आणि ती आणेपर्यंत ताप आपला आपण उतरायचा किंवा माणूस जायचा. आपण दुकान टाकावं, काउंटरच्या पलीकडं पांढरा कोट घालून उभं राहावं, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

बीडजवळ फार्मसीचं कॉलेज नुकतंच निघालं होतं. काढणारे कोण, तर साखर कारखान्याचे चेअरमन. कारखाना सहकारी, दूध संस्था सहकारी, सूतगिरणी सहकारी. सहकारी म्हणजे सगळ्यांचं, असं आम्हाला नागरिकशास्त्रात शिकवलं होतं. सगळ्यांचं म्हणजे त्यांचं, हे परीक्षेला नव्हतं.

मी अर्ज केला आणि माझं नाव वेटिंगला लागलं. हे सांगायला चेअरमनचा माणूस स्वतः घरी आला. टँकरच्या मागं जीप, जीपमधून हा उतरला. इस्त्रीचे कपडे, डोळ्याला काळा चष्मा, आणि बोलायला असा मऊ की लोण्यानं लाजावं.

"अप्पा, काळजी सोडा," तो माझ्या वडिलांना म्हणाला. "पोरीचा वेटिंगमधी पयला नंबर हाय. एक जागा सुटली की तिचीच. सायबांनी शब्द दिलाय."

आईनं त्याला चहा दिला. दूध शेजारून मागून आणलं होतं. मी पदर सावरून त्याच्या पाया पडले. आजही ते आठवलं की मला माझ्याच पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

पयला नंबर! मग मला कोण धरतंय? आईच्या पेटीत मांजरपाटाचा एक तुकडा होता, त्याचा मी पांढरा कोट शिवला. खिसा तिरका झाला, एक बाही लांब झाली. संध्याकाळी खडी फोडून आलं की हातपाय पुसायचे आणि तो कोट घालून आरशासमोर उभं राहायचं. आरसा एवढासा, त्यात एका वेळी एक तर खिसा दिसायचा नाही तर तोंड. शेजारची म्हातारी गुडघा दाखवायला आली की मी भुवया वर करून "दिवसातून दोनदा" असं काहीतरी म्हणायची. काय दोनदा, ते मलाही ठाऊक नव्हतं. खडीच्या धुळीनं कोट मळला तर माझ्या अंघोळीचा तांब्या मी त्याच्यावर घालायची.

"सोता घामानं आंबली, अन् कोटाला अंघोळ," आई म्हणायची. "त्यो कोटच पाठव कालिजात, तू ऱ्हा इथं."

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर फिरलं. आमच्या गावच्या सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, सभासद पुष्कळ. पण जिल्ह्याच्या मोठ्या संघाची निवडणूक लागली की सगळ्यांना मत नसतं. सोसायटी बसून ठराव करते, आणि ज्याच्या नावानं ठराव होतो तो एकटा गावातर्फे मत टाकतो. त्या माणसालाच 'ठराव' म्हणतात. "आमचा ठराव अमक्याकडं हाय," असं. त्या वर्षी ठराव माझ्या वडिलांकडं होता. गावातल्या दोन्ही पार्ट्यांनी त्यांचं नाव सुचवलं, कारण अप्पा कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि संघाला उभे कोण? कॉलेजवाले चेअरमन.

एवढं माझ्या डोळ्यांसमोर होतं. बारावी सायन्स पास झालेली मी. आणि मला वाटत होतं, जीप आमच्या दारात माझ्या मार्कांमुळं येते.

ती पुन्हा पुन्हा आली. दर वेळी चहा, दर वेळी "पयला नंबर". तिकडं कॉलेज सुरू व्हायची वेळ आली, प्रवेश बंद व्हायला आले, आणि मी मात्र नंबर एकवर बसून होते, बगळ्यासारखी, कोरड्या तळ्याच्या काठी. शेवटी तो माणूस आला आणि म्हणाला, "अप्पा, सायबांनी समद्या ठराववाल्यांना देवदर्शनाला न्यायचं ठरवलंय. कापडं भरा."

मतदानाआधी ठराववाल्यांना असं उचलून नेतात, देव दाखवतात, गोडधोड खाऊ घालतात, आणि परत आणतात ते थेट मतदानाच्या दारात. मधल्या मधे दुसऱ्या पार्टीचा वारा लागायला नको.

"दुष्काळात देव बरा आठवला सायबाला," आई चुलीपुढूनच म्हणाली.

अप्पांना जायचं नव्हतं. छावणीत बैल आजारी होता. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "न्हाई गेलो तर पोरीचं काय?" आणि मी, मी काय म्हणाले असेन? "जावा अप्पा, सायब नाराज व्हतील." पिशवी मीच भरून दिली.

अप्पा गेल्यावर माझा जीव घरात लागेना. एसटी धरून मी कॉलेजात गेले. ऑफिसातला क्लार्क मान वर न करता म्हणाला, "साहेब आले की कळेल." साहेब कुठं गेले होते, हे त्याला विचारायचं कारण नव्हतं. बाहेर पायरीवर एक पोरगी बसली होती, आष्टीकडची. वडील कोरडवाहू शेतकरी, आणि भाऊ-भावजय दर साल ऊस तोडायला जाणारी. उन्हानं रापलेली, हातात चपला घेऊन बसलेली, कारण एका चपलेचा अंगठा तुटला होता. पलीकडं वडवणीकडचा एक पोरगा उभा होता. दोघंही वेटिंगवालीच.

"तुजा नंबर कितवा?" तिनं मला विचारलं.

"पयला," मी म्हणाले. जरा ताठ मानेनंच.

ती हसली नाही. "माजा बी पयलाच हाय."

तो पोरगा वळून म्हणाला, "मग माझा काय शून्यावा हाय का? मला बी पयलाच सांगितलाय."

मग त्या पोरीनं दुसराच प्रश्न काढला. "तुज्या वडलाकडं ठराव हाय का?"

होता. तिच्या वडिलांकडंही होता. त्याच्याही. तिघांचेही बाप त्या घटकेला एकाच देवाच्या दारात होते, एकाच माणसाच्या जीपमधून गेलेले.

"म्हंजे मतदान हुईस्तोवर आपला नंबर पयला," ती म्हणाली. "उंद्याच्याला मत पडलं की परवा यादी बंद."

आणि मी काय म्हणाले, ऐका. मी म्हणाले, "असं कावून म्हनतीस? सायब तसे न्हाईत. घरी येऊन चहा पिऊन गेल्यात त्यांची मान्सं." जणू आमचा चहा पिऊन त्यांनी आमच्यावर उपकार केले होते. त्या पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं छावणीत मरणाला टेकलेल्या गाईकडं पाहतात.

"उंद्या बीडला यायचं," ती म्हणाली. "मतदानाच्या दारात. आत जायच्या आधी बापाला धरायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. एका शाळेत मतदान होतं. फाटकाबाहेर जीपा येऊन लागल्या आणि एकेकीतून ठराववाले उतरले. सगळ्यांच्या डोक्यावर नव्या कोऱ्या टोप्या, सगळ्यांच्या कपाळी भंडारा. लग्नाच्या वऱ्हाडासारखे दिसत होते, फक्त नवरी कोण ते कुणी सांगत नव्हतं. वडवणीच्या पोराचा बाप पहिल्या जीपमध्ये होता. पोरगं फाटकाशी पोचेपर्यंत म्हातारा मत टाकून बाहेर आला.

आष्टीच्या पोरीनं आपल्या वडिलांचा हात दंडाला धरला. अनवाणीच होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, आदी माजं नाव कालिजात, मग तुमचं मत."

चेअरमनचा माणूस धावत आला. "बाई, हितं तमाशा नगं. तुजा पयला नंबर हाय ना?"

"हिचा बी पयलाच हाय," तिनं माझ्याकडं बोट केलं. "अन् त्याचा बी. कोन खोटं बोलतंय, आमी का तुमी?"

आजूबाजूचे ठराववाले थांबून ऐकायला लागले. तिच्या बापानं देवापुढं चेअरमनला मत द्यायची शपथ घेतली होती तरी त्याचे पाय जमिनीत रुतले, कारण लेक हात सोडेना. चेअरमनचा माणूस बाजूला जाऊन कुणाशी तरी कुजबुजला. मग तिला जीपमध्ये बसवून कॉलेजला नेलं. बराच वेळ बाप तिथं उन्हात उभा. जीप परत आली, पोरगी उतरली, तिनं मान हलवली, तेव्हा तो आत गेला. म्हणजे जागा होती. पहिल्यापासून होती.

तेवढ्या वेळात माझे अप्पा माझ्यासमोर उभे होते. मला सगळं दिसत होतं. फक्त हात पुढं करायचा होता.

"बेलभंडारा उचलाय लावलाय बाई आमाला," ते हळू म्हणाले. "देवाच्या पायरीवर. आता कसं करू?"

आमच्याकडं बेल आणि भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडला तर घरादाराचं वाईट होतं, असं मानतात. अप्पा ते मनापासून मानायचे. आणि ते चेअरमनलाही ठाऊक होतं, म्हणूनच तर देवापर्यंत नेलं. आपल्या कामासाठी देवाला गडी म्हणून राबवणारी माणसं ही.

मी म्हणाले, "जावा अप्पा." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पुढं होऊन त्यांची टोपी सरळ केली. अशी ती अठरा वर्षांची शहाणी. आज ती समोर आली तर मी तिच्या कानाखाली आवाज काढीन, आणि मग विचारीन, बाई, तुला दिवसातून दोनदा देऊ का?

चेअरमन निवडून आले. मिरवणुकीत धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारलं, टँकरनं. त्या आठवड्यात आमच्या गावाला टँकर आला नाही. यादी बंद झाली. क्लार्कनं या वेळी मान वर केली आणि म्हणाला, "पुढच्या साली बघा." आष्टीची पोरगी कॉलेजात गेली आणि मला तिचा कधी राग आला नाही. तिनं माझं काही घेतलं नव्हतं, मी सोडलं होतं ते तिनं उचललं होतं.

राग आला तो घरी आल्यावर, आणि असा आला की गेलाच नाही. खडी फोडताना दगड कमी आणि चेअरमन जास्त फुटायचे. आईनं एक दिवस न बोलता माझा कोट घेतला, बाह्या कापल्या आणि मधला भाग टँकरचं पाणी गाळायला घागरीच्या तोंडाला बांधला. गाळ चांगला अडायचा त्यात. तिरका खिसा तेवढा लोंबत राहायचा. औषधं मी जन्मभर काउंटरच्या अलीकडूनच घेतली.

पुढच्या साली दुसऱ्या कुठल्याशा संस्थेची निवडणूक लागली. ठराव पुन्हा अप्पांच्या नावावर. पुन्हा दारात जीप, पुन्हा तो माणूस, तोच काळा चष्मा.

"पोरीचं यंदा पक्कं करू अप्पा," तो खाटेवर बसत म्हणाला. "यंदा बी पयलाच नंबर लावून ठिवतो."

मी आत गेले, चूल पेटवली, आधण ठेवलं. आई माझ्याकडं बघत होती. बाहेर तो बोलत राहिला, मग बोलायचं संपलं, मग त्यानं दोनदा आत डोकावून पाहिलं.

"वैनी, च्या व्हतोय ना?"

मी दारात आले. "व्हतोय की. तुमचं नाव वेटिंगला लावलंय. पयला नंबर तुमचाच हाय."

त्यानं हसायचा प्रयत्न केला. मी हसले नाही. आत जाऊन एकच कप ओतला, बशी घेतली, आणि त्याच्यासमोरून नेऊन अप्पांच्या हातात दिला.

आमच्याकडं पाहुण्यासमोर एकट्यानं चहा पीत नाहीत. कितीही वैर असलं तरी "अर्धा अर्धा घेऊ" म्हणतात, आणि अप्पांनी तर आयुष्यात कधी कुणाला तसं पाठवलं नव्हतं. त्यांनी कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि त्या माणसाच्या तोंडाकडं बघत सावकाश, फुरका मारून, सगळा प्याले.