अक्कांचं औषध

वैजयंतीअक्का माझी थोरली जाऊ. सोलापुरात कुणाकडं सत्यनारायण असो की वास्तुशांत, सोवळ्यातल्या स्वयंपाकाला बोलावणं अक्कांनाच. पाळी आली की काम हातचं जायचं, म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या त्यांच्या पिशवीत मिश्रीच्या डबीशेजारी कायम असायच्या. त्या घरांना मिश्री चालायची, पाळी चालायची नाही. कसला नाजूक धर्म तो!

श्रावणात अक्कांच्या जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेना. डॉक्टर म्हणाले, तुकडा काढून लगेच तपासू. अक्का घाबरून घरी आल्या.

त्याच आठवड्यात मी पेपरातली एक बातमी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. गर्भ टिकवणाऱ्या, पाळी थोपवणाऱ्या हार्मोननं तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावली, असं कुठल्याशा प्रयोगशाळेत दिसलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं समजावून सांगायची भारी हौस.

"म्हंजे आपल्या गोळीत असतंय तेच की?" अक्कांनी विचारलं.

मी पाकीट उलटून पाहिलं. "त्याच जातीचं आहे," म्हणाले. चांगलं मिरवत म्हणाले. पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या होत्या, माणसांवर काहीच तपासलेलं नव्हतं, हेही खाली छापलं होतं. ते मी वाचलं होतं. पण कुकरची शिट्टी झाली, मी उठले आणि सांगायचं राहिलं.

पुढं दोनतीनदा विचारलं, "अक्का, दवाखान्यात गेलात का?"

"औषध चालू हाय की," त्या म्हणायच्या. कसलं औषध, हे मी विचारलं नाही. त्या रोज दुप्पट गोळ्या घेत होत्या आणि गौरी, नवरात्र, सगळीकडचा स्वयंपाक उरकत होत्या.

दिवाळीत त्यांना घास गिळता येईना. गळ्याला गाठ आली होती. आता मी त्यांना ओढतच नेलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागेल. श्रावणातच तुकडा तपासू दिला असता तर बहुतेक वाचली असती." मग अक्कांनी 'औषध' म्हणून पुढं केलेली पाकिटं पाहून ते चिडले. "या गोळ्यांचं खूळ कुणी घातलं डोक्यात?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. अक्का मात्र ताठ बसल्या. शब्द जड येत होते, तरी कौतुकानं माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या,

"आमच्या पायलनं सांगितलं. शाळंत सायन्स शिकवती ती."