ड्रममागचं स्टूल

दादा ड्रमवर बसला की मी आजही मनातल्या मनात त्याची दृष्ट काढते. सख्खा भाऊ आहे म्हणून नव्हे. असा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितलाच नाही.

नव्वदच्या दशकात तो कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात होता. गणपतीत चौकाचौकात कार्यक्रम. तो असा बडवायचा की मांडवाचे वासे थरथरायचे आणि माणसं ओरडायची, "व्हय लेका, व्हय!" टाळ्या वाजवून माझे हात लाल व्हायचे. घरी मात्र आमचे वडील, आबा, त्याच्याकडं पाठ करून जेवायचे.

कारण हलगी. आमचा आज्जा गावची हलगी वाजवायचा. लग्न असो की मयत, लोकांच्या दारात तासन्‌तास उन्हात उभं राहून वाजवायचं. बस म्हणून कुणी म्हणायचं नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच दिवशी आज्जानं हलगी फोडून चुलीत घातली. आबा तेव्हा लहान होते, पण ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. पुढं ते साखर कारखान्यात लागले, कसबा बावड्यात घर बांधलं, आम्हाला शिकवलं. आणि पोरानं काय करावं? परत काठ्या हातात घेतल्या!

"माझ्या बापानं जाळलं, ते तू उकरून काढलंस व्हय?" आबा एकदाच बोलले. मग बोलणंच बंद.

दादा मुंबईला गेला. सकाळी पॉपच्या कॅसेटसाठी रेकॉर्डिंग, संध्याकाळी हॉटेलात जॅझ. एका दिवसात दोन वेगळी माणसं कसं होता येतं, देव जाणे! बोलावणी थांबत नव्हती. पण फोनवर दर खेपेला एकच विचारायचा, "आबा एकदा ऐकतील काय गं?"

"ऐकतील की," मी म्हणायची. थाप मारायची, दुसरं काय.

दोन हजार साल उलटल्यावर दादाचा जॅझचा ग्रुप कोल्हापुरात वाजवायला आला. आबा म्हणाले, "न्हाय." मग माझंही डोकं फिरलं. "मरायच्या आत एकदा बघा तरी! मग काय शिव्या घालायच्या त्या घाला." त्यांनी मुकाट्यानं पायात चपला सरकवल्या.

नाट्यगृहात आम्हाला मधली रांग मिळाली. खोटं कशाला बोलू, जॅझ माझ्याही डोक्यावरनं जातं. पण दादानं काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश उचलले आणि ड्रमवर नुसते फिरवले. सुपात तांदूळ घोळावेत तसा आवाज. मांडव हलवणारा तो हाच हात? मग पियानो थांबला, सॅक्सोफोन थांबला, सगळे वादक दादाकडं वळून बघत राहिले आणि त्यानं एकट्यानं काठ्यांवर जे काही सुरू केलं, त्याला माझ्याकडं शब्द नाहीत. मी आ वासून बसले होते.

तेवढ्यात आबा उठले.

मला वाटलं, चालले. मी हात धरला, त्यांनी झटकला. मागनं कुणीतरी खेकसलं, "ओ पावणं, खाली बसा की!" आबा बसले नाहीत आणि गेलेही नाहीत. टाचा उंच करून दादाचं वाजवणं संपेपर्यंत बघत राहिले.

लोक पांगल्यावर आम्ही स्टेजवर गेलो. दादा घामानं निथळत ड्रमचे स्क्रू सैल करत होता. आबांना बघून तो स्टुलावरनं ताडकन उठला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"मधीच का उठलासा, आबा? न्हाय आवडलं?"

"मला त्यातलं काय कळतंय?" आबा म्हणाले. "फुडच्याचं डोस्कं आड येत हुतं. म्हटलं, पोरगं उभ्यानं वाजवतंय का बसून, तेवढं तरी बघावं."

मग त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून त्याला परत स्टुलावर बसवलं.

"बस," ते म्हणाले. "आन आता माझ्या एकट्यासाठी वाजीव."