उरलासुरला फोटो

नेआफू या बेटावरच्या बंदरात धक्क्याजवळ राहणारा सायमोने मोठा हट्टी फोटोवाला. लग्न असो की चर्चमधलं बारसं, रिळात छत्तीस फोटो म्हणजे छत्तीसच. नवरीच्या बापाला पाय दुखेपर्यंत ताटकळत ठेवायचा, पण चेहरा मनासारखा खुलल्याशिवाय त्याचं बोट काही हलायचं नाही.

एक फोटो मात्र घाईचा. रीळ धुवायला जहाजानं राजधानीला जायचं. भोंगा झाला की शेवटचा फोटो संपवायला हा धावत घरी. त्याची बायको लेसिएली तारोची, आपल्या अळूसारखी पानं निवडत बसलेली असायची.

"इकडं बघ गं. एक राहिलाय."

"नवरीपुढं तास तास उभे राहता आणि उरलंसुरलं माझ्या वाट्याला. केस तरी विंचरू द्या, फोटोवाले."

तेवढ्यात हा बटण दाबून मोकळा. सव्वीस वर्षं प्रत्येक रिळाच्या शेवटी आठ्या घातलेली लेसिएली.

पुढं देवमासे बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्यानं डिजिटल कॅमेरा घेतला. आता कसली वाट बघायची? एका शेपटीचे दोनशे फोटो, एखादा तरी बरा निघतोच. आपली नजर आळसावलीय हे त्याला कळत होतं, पण पाहुणे खूश होते. पहिल्याच दिवशी लेसिएली हात पुसत दारात आली. "जुन्या कॅमेऱ्यात माझा एक राहिलाय की."

"असू दे गं. रीळ संपवायची घाई आता कुणाला आहे?"

ती हसून आत गेली.

अठरा वर्षांनी लेसिएली तापानं गेली. मुलगी फिने म्हणाली, "बाबा, उशाशी ठेवायला आईचा हल्लीचा फोटो द्या." सायमोने दिवसभर संगणकापुढं बसला. देवमासे, देवमासे, उन्हानं लाल झालेले परके चेहरे. हजारो फोटोंत लेसिएली एकदाही नाही. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूही येईना. फिनेनं शेवटी जुना, आठ्यांचाच फोटो लावला.

त्यानं कपाटातून जुना कॅमेरा काढला. आकडा पस्तीसवर थांबलेला. आतलं रीळ केव्हाच वाया गेलं असणार, हे त्याला नाही तर कुणाला कळणार? तरी तो चटयांवर निजवलेल्या लेसिएलीपुढं उभा राहिला. आज जहाज सुटणार नव्हतं. तो थांबला, पूर्वी नवरीसाठी थांबायचा तसा. सवयीनं तोंडून निघून गेलं, "इकडं बघ गं."

भोवती बसून प्रार्थनागीतं गाणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. फिनेनं त्याचा हात धरला. "असू द्या, बाबा."

त्यानं कॅमेरा खाली घेतला. तिचा तो एक फोटो अजून राहिलाच आहे.